कॅरॅव्हॅनमधला छोटा इलेक्ट्रिक हीटर: किती वॅटचा घ्यावा आणि रात्री चालू ठेवावा का?

आडवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सहा मीटर लांबीची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, आहे. आत गॅसवरचा हीटर आहे, तो चांगला चालतो, पण थंडीत सिलिंडर बघता बघता संपतो. मुक्कामाच्या जागी वीज बहुतेक भाड्यातच धरलेली असते, मग गॅस कशाला जाळायचा, असं घरात सगळ्यांचंच म्हणणं पडलं. म्हणून छोटा इलेक्ट्रिक हीटर घ्यायचं चाललंय. दुकानात विचारलं की २००० वॅटचा फॅन हीटर पुढे करतात. तोच घ्यावा का?

अडचण अशी की काही ठिकाणी ६ अँपिअरचंच कनेक्शन मिळतं, काही ठिकाणी १० किंवा १६. शिवाय आत जागा इतकी कमी, की हीटर ठेवायचा म्हटलं तर मधल्या चालायच्या वाटेतच ठेवावा लागेल. आणि मुख्य प्रश्न रात्रीचा. आम्ही चौघं झोपतो, त्यात दोन लहान मुलं. खरा गारठा पहाटे सुटतो. नेमका तेव्हाच हीटर बंद ठेवायचा असेल तर तो घेऊन उपयोग काय? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं. मोटरहोमवाल्यांचे, म्हणजे घर आणि इंजिन एकाच गाडीत असलेल्यांचे, अनुभवही हवे आहेत.

तारयंत्र

हीटर कोणता ते नंतर बघू. आधी मुक्कामाच्या जागी ज्या खांबावरून वीज घेता, त्यावरच्या पेटीतला ब्रेकर किती अँपिअरचा आहे ते बघायची सवय लावा. पुढचं सगळं तिथून ठरतं.

वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर ओढतो, १००० वॅटचा ४.३ आणि ५०० वॅटचा २.२. आता हीटर सोडून गाडीत आणखी काय चालू असतं ते मोजा. बॅटरीचा चार्जर दोनेकशे वॅट, फ्रिज विजेवर असेल तर त्याचे दीडशेच्या आसपास, आणि पाण्याचा बॉयलर विजेवर टाकला असेल तर त्याची कॉइल साधारण ८५० वॅटची. म्हणजे हीटर लावायच्या आधीच पाच अँपिअर खर्ची पडलेत. ६ अँपिअरच्या कनेक्शनवर एकूण मिळतात १३८० वॅट. त्यात तुमचा २००० वॅटचा हीटर बसतच नाही.

बऱ्याच जणांचा घोटाळा होतो तो पुढे. ६ अँपिअरवर २००० वॅटचा हीटर लावला तरी ब्रेकर लगेच पडत नाही. घरगुती एमसीबीचं, म्हणजे अशाच छोट्या ब्रेकरचं, मानक असं सांगतं, की नेमून दिलेल्या करंटच्या १.१३ पटीला तो तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. सहाची १.४५ पट म्हणजे ८.७, नेमका या हीटरचा करंट. त्यामुळे बराच वेळ सगळं सुरळीत चालतं, माणूस निर्धास्त होतो, आणि सगळे झोपल्यावर अंधार. खांबावरची पेटी कुलूपबंद असेल तर सकाळी कोणी येईपर्यंत तसंच बसावं लागतं.

१२० व्होल्टच्या देशांत आकडे वेगळे. तिथले सुटे हीटर सहसा १५०० वॅटपर्यंतच असतात, पण तेवढ्यालाही १२.५ अँपिअर लागतात. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासन्‌तास चालवायला तो भार जास्तच आहे, खालच्या पायरीवर ठेवलेला बरा.

५०० आणि १००० अशा दोन पायऱ्या असलेला हीटर घ्या. सहा अँपिअर असो की सोळा, सगळीकडे चालेल.

चाकावरचं घर

तारयंत्र यांना अनुमोदन. मी प्रकारांबद्दल लिहिते, कारण दुकानात माणूस गोंधळतो तो तिथेच.

ऊब किती मिळणार याबाबतीत सगळे इलेक्ट्रिक हीटर सारखे. १००० वॅट वीज घेतली की १००० वॅट उष्णता बाहेर पडते, मग आत तेल असो, सिरॅमिक असो नाहीतर साधी तार. खोक्यावर 'कमी विजेत दुप्पट ऊब' लिहिलेलं दिसलं तर तो हीटर खाली ठेवा. फरक पडतो तो ऊब किती लवकर येते, आवाज किती होतो आणि चुकून काही अंगावर पडलं तर काय होतं, यात.

साध्या फॅन हीटरमध्ये उघडी तार असते. वारा अडला की ती लाल होते, मग सुरक्षेचा कटआउट वेळेवर चालण्यावर सगळी भिस्त. सिरॅमिक हीटरमध्ये तारेऐवजी सिरॅमिकच्या चकत्या असतात. तापमान वाढलं की त्या चकत्यांचा विद्युतरोध आपोआप वाढतो आणि करंट कमी होतो. वारा अडला तरी तो स्वतःला आवरतो. फॅन हीटरच घ्यायचा तर सिरॅमिक घ्या, आणि तळाला आडवं पडल्यावर बंद होणारा स्विच आहे ना, ते घरी एकदा आडवा करून तपासा.

ऑइल हीटरमधलं तेल जळत नाही, खर्चही होत नाही. ते फक्त उष्णता धरून ठेवतं. आवाज अजिबात नाही, पृष्ठभाग त्या मानाने कमी तापतो. पण तापायला वीसेक मिनिटं घेतो आणि वजनदार असतो. प्रवासात तो नीट बांधून उभाच न्यावा. आडवा पडून आला असेल तर उभा करून तेल खाली उतरू द्यावं, मगच चालू करावा, नाहीतर आतली कॉइल तेलाबाहेर उघडी राहते.

लाल नळ्यांचा हीटर, ज्याच्यासमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गार, तो घरात ठीक. गाडीत पडदे, गाद्या, पांघरुणं सगळी हाताच्या अंतरावर. तिथे तो नकोच.

गारवेल

५०० वॅटने काय होणार आहे? आमचं मोटरहोम मोठं आहे आणि आम्ही बर्फात राहतो. १६ अँपिअर मिळत असतील तर २००० वॅट लावावा. बाहेर उणे दहा असताना कमी वॅटचा हीटर रात्रभर धडपडतो आणि आत बसलेला माणूस कुडकुडतो.

तारयंत्र

गारवेल, तुमच्या गाडीला आणि तुमच्या हवेला ते बरोबर आहे. धागाकर्त्याच्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडतो.

सहा मीटर लांब, सव्वादोन रुंद, दोन उंच. भिंती, छप्पर, फरशी मिळून साठेक चौरस मीटर पृष्ठभाग. भिंतीत अडीच-तीन सेंटिमीटर फोम, खिडक्या दुहेरी अ‍ॅक्रिलिकच्या, शिवाय हवेची भोकं. हे सगळं धरलं तर आत-बाहेर दर एक अंशाच्या फरकाला साधारण ९० वॅट बाहेर जातात. म्हणजे ५०० वॅट सतत चालले तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंश वर राहील, १००० वॅटला अकरा, २००० वॅटला बावीस. जुन्या गाडीत यापेक्षा कमी, हिवाळ्यासाठी बांधलेल्या गाडीत जास्त.

बाहेर ८ अंश असतील तर १००० वॅटवर आत १९ अंश, उत्तम. बाहेर उणे १० असतील तर तेच १००० वॅट तुम्हाला १ अंशावर आणून सोडतील. तिथे सुटा हीटर कितीही मोठा घेतला तरी मुख्य काम त्याच्यावर टाकता येत नाही, ते गाडीतल्या बसवलेल्या हीटरचंच.

माझी पद्धत अशी: संध्याकाळी परतल्यावर गाडी गॅसवर तापवून घ्यायची, वीस मिनिटांत होते, आणि नंतर ती ऊब विजेवर टिकवायची. गॅस थोडा जातो, आणि ब्रेकर पडायचा प्रश्न येत नाही.

मुक्कामपोस्ट

रात्रीच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. आणि हे कळकळीने लिहितोय, कारण गाडीत लहान मुलं आहेत.

सुटा फॅन हीटर सगळे झोपलेले असताना चालू ठेवू नका. प्रत्येक हीटरच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी असतात: लक्ष नसताना चालवू नये, आणि जळण्यासारख्या वस्तूंपासून साधारण एक मीटर लांब ठेवावा. आता तुमच्या गाडीत टेप घेऊन बघा. दोन्ही बाजूंच्या बाकांमधली वाट साठ-सत्तर सेंटिमीटर. तिच्या मधोमध हीटर ठेवला तर दोन्ही कुशींना तीस सेंटिमीटरवर गादी. एक मीटरची अट तिथे पाळताच येत नाही. रात्री कूस बदलताना पांघरूण खाली घसरतं आणि थेट जाळीवर पडतं. आग लागायची जागा हीच असते, वेळही हीच.

घरात आग लागली तर दुसरी खोली असते, मागचं दार असतं. कॅरॅव्हॅनला दार एक. भिंती पातळ, आत फोम आणि प्लायवूड. काही मिनिटांत गाडी राहत नाही. आणि वाटेत ठेवलेला हीटर नेमका झोपायची जागा आणि दार यांच्या मध्ये येतो. आग तिथून सुरू झाली तर पळायचं कुठून?

धुराचा अलार्म लावलेला असू द्या, दर महिन्याला बटण दाबून तपासा. खिडक्या आतून पूर्ण उघडतात का आणि मोठ्या मुलाला त्या उघडता येतात का, तेही बघून ठेवा.

रानपाखरू

मुक्कामपोस्ट यांचं फॅन हीटरबद्दल शंभर टक्के पटतं. ऑइल हीटरबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. सर्वांत खालच्या पायरीवर, ५०० वॅटला, त्याचा पृष्ठभाग बेताचाच तापतो. आम्ही तो दाराजवळच्या स्वयंपाकाच्या ओट्याशी, झोपायच्या जागेपासून लांब ठेवतो, पट्ट्याने अडकवून, जेणेकरून रात्री उठलेल्याचा पाय लागून पडणार नाही. त्याच्या वर किंवा जवळ काहीही वाळत घालायचं नाही, हा घरातला पक्का नियम. मोजेसुद्धा नाही.

वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि मला ते ठीक वाटतं.

मुक्कामपोस्ट

रानपाखरू, तुम्ही ठेवता तसा ठेवला तर धोका पुष्कळ कमी होतो, हे मान्य. तरी मी लहान मुलांच्या गाडीत नाही सांगणार, कारण मुलं रात्री काय कुठे टाकतील याचा नेम नसतो. तुमच्याकडे मोठी माणसंच असतील तर तुमचा निर्णय.

आडवाट, यावर खरा उपाय आहे तो तुमच्या गॅस हीटरला विजेची कॉइल जोडून घेण्याचा. तुमच्या मॉडेलला ती बसते का ते विचारा. कॅरॅव्हॅनमधल्या अनेक हीटरना ती मागच्या बाजूला बसवता येते, ५००, १००० आणि २००० वॅट अशा तीन पायऱ्यांची. हीटर जागेवर पक्का, वायरिंग पक्कं, गरम हवा आहे त्याच नळ्यांतून सगळीकडे जाते आणि वाटेत काही ठेवावं लागत नाही. मोटरहोममध्ये पाणी आणि हवा एकत्र तापवणारे हीटर असतात, त्यांतल्या विजेवरही चालणाऱ्यांत ९०० आणि १८०० वॅटच्या पायऱ्या मिळतात. रात्री ५०० किंवा ९०० वर ठेवून झोपता येतं, कारण ते त्यासाठीच बनवलेलं असतं. बसवायचं काम मात्र माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

चाकावरचं घर

आणखी एक. हवा तापवायला ५०० वॅट लागतात तिथे अंथरूण तापवायला साठ ते शंभर वॅट पुरतात. मोठ्यांच्या गादीवर अंथरायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट झोपायच्या आधी अर्धा तास लावायचं आणि आडवं होताना बंद करायचं. लहान मुलांना ते देऊ नका. त्यांच्यासाठी थंडीला योग्य अशी झोपायची पिशवी आणि डोक्याला टोपी. आणि मुलांना खालच्या बाकापेक्षा वरच्या बंकवर झोपवलं तर फरक पडतो, गरम हवा तिथे असते.

डांबरी_सडक

वायरचं कोणीच बोललं नाही? सगळ्यांत जास्त बिघाड तिथेच होतात.

खांबापासून गाडीपर्यंतची केबल २.५ चौरस मिलिमीटरची हवी. निळ्या तीन पिनांच्या १६ अँपिअरच्या प्लगबरोबर २५ मीटरची येते तीच. गाडी खांबापासून पाच मीटरवर असली तरी रिळावरची केबल सगळी उलगडा. कारण सांगतो. २५ मीटर केबलमध्ये जाणारी आणि येणारी मिळून ५० मीटर तांब्याची तार असते, तिचा रोध ०.३७ ओहम. ८.७ अँपिअर वाहिले की २८ वॅट उष्णता त्या केबलमध्येच तयार होते. उलगडलेल्या केबलला ती जाणवतही नाही, २५ मीटरभर पसरून हवेत जाते. गुंडाळलेल्या रिळाच्या पोटात मात्र ती कोंडते. बागेतली दीड मिलिमीटरची बारीक केबल वापरली तर तीच उष्णता ४५ वॅटच्या पुढे जाते. रिळाच्या आतले वेढे एकमेकांना चिकटून वितळतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

उलगडलेली केबल गाडीखाली सैल नागमोडी टाकून द्या. गोल वेटोळं करून ठेवू नका.

दुसरं, प्लग. हीटर तासभर चालला की गाडीतल्या सॉकेटमधल्या त्याच्या प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात काढून घ्यावासा वाटला तर बंद करा, थंड झाल्यावर प्लग काढा आणि पिनांकडे उजेडात बघा. पिनेच्या मुळाशी तपकिरी कडं दिसतं, पितळ काळवंडलेलं असतं, प्लास्टिक किंचित फुगून गुळगुळीत झालेलं असतं आणि नाकाशी नेलं तर सडक्या मासळीसारखा वास येतो. याचा अर्थ सॉकेटमधल्या पट्ट्या ढिल्या झाल्यात. तिथे ०.१ ओहम एवढा रोध वाढला तरी ८.७ अँपिअरला साडेसात वॅट उष्णता सुपारीएवढ्या जागेत तयार होते. प्लग बदलून भागत नाही, सॉकेटही बदलावं लागतं. आणि हीटर कधीही चार भोकांच्या एक्स्टेंशन पट्टीवर लावू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा.

गारवेल

+१. आणि हेच ५०० किंवा १००० वॅट वापरण्याचं आणखी एक कारण, हे मीही मान्य करतो. करंट निम्मा झाला की वायरमधली उष्णता चौथाई होते.

शेवंती

आम्ही नवीनच आहोत, एक विचारू का? इलेक्ट्रिक हीटर लावल्यापासून सकाळी खिडक्यांवर पाणी धरतं, गादीखालीही ओल येते. हीटरमुळे हवा कोरडी होते असं ऐकलं होतं.

चाकावरचं घर

शेवंती, हवेतलं पाणी हीटर काढत नाही. हवा तापली की तिच्यात जास्त बाष्प मावतं, म्हणून कोरडी वाटते. पाणी असतं तितकंच. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटर पाणी तरी हवेत जातं. ती हवा थंड काचेला, कोपऱ्यातल्या कपाटाला, गादीच्या खालच्या बाजूला लागली की तिथे पाणी सुटतं. इलेक्ट्रिक हीटर स्वतः पाणी सोडत नाही हे मात्र खरं. उघड्या ज्योतीचं तसं नाही. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, म्हणून शेगडी पेटवून गाडी गरम करणं दोन्ही अर्थांनी वाईट. विषारी वायूचा धोका तर आहेच.

छपराची खिडकी बोटभर उघडी ठेवा. ऊब जाईल म्हणून जीव तुटतो, पण थोडी ऊब घालवून ओल बाहेर काढलेली परवडते. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा पट्ट्या घाला. आणि फरशीतली किंवा दाराच्या खालची हवेची भोकं कापड कोंबून बंद करू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तिथूनच बाहेर जाणार.

मुक्कामपोस्ट

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही काढू नका, "आता आम्ही विजेवर आहोत" म्हणून. फ्रिज, शेगडी, शेजारच्या गाडीचा जनरेटर, सगळे आहेतच.

रानपाखरू

पाण्याच्या नळ्यांचं लिहायला हवं, कारण सुटा हीटर वापरणाऱ्यांना एक कोडं हमखास पडतं. आत छान १८ अंश आहेत आणि सकाळी बॉयलर रिकामा, पाणी सगळं गाडीखाली सांडलेलं. पुष्कळ बॉयलरना थंडीत आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आजूबाजूचं तापमान साधारण ३ अंशांवर आलं की तो उघडतो आणि पाणी सोडून देतो, नाहीतर टाकी गोठून फुटेल. बॉयलर असतो बाकाखालच्या बंद कप्प्यात. गॅस हीटरच्या गरम हवेच्या नळ्या त्या कप्प्यातून जातात, म्हणून एरवी तिथे ऊब असते. वाटेत ठेवलेला छोटा हीटर फक्त मधली हवा तापवतो, कप्प्यात काहीच पोचत नाही. व्हॉल्व्ह बिघडलाय असं समजून लोक बदलून घेतात. रात्री त्या कप्प्याचं झाकण थोडं उघडं ठेवा, किंवा कडाक्याच्या थंडीत गॅस हीटर कमी आचेवर सुरूच ठेवा. व्हॉल्व्ह परत बंद करायलाही कप्पा आधी चांगला उबदार व्हावा लागतो, त्याआधी कितीही दाबा, बसत नाही.

आणि आडवाट, तुमचा सिलिंडर "संपतो" म्हणालात, तो खरंच संपतो का? उचलून बघा. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला वायू व्हायचा थांबतो, सिलिंडरमध्ये गॅस शिल्लक असूनही ज्योत विझते. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. थंडीत प्रोपेनच घ्या.

आडवाट (धागाकर्ता)

रानपाखरू, आमचा ब्युटेनच आहे! परत करताना सिलिंडर जड लागतो असं मला वाटायचं, पण लक्ष दिलं नव्हतं. हे एकच वाक्य धाग्याइतकं मोलाचं. सगळ्यांचे मनापासून आभार. २००० वॅटचा विचार सोडला. गॅस हीटरला कॉइल बसते का ते विचारतो, आणि तोवर संध्याकाळपुरता दोन पायऱ्यांचा सिरॅमिक, झोपताना बंद.

आणखी दोन शंका. वीज नसलेल्या जागी इन्व्हर्टरवर चालेल का? आणि घराच्या अंगणातल्या सॉकेटवर लावून बघितला तेव्हा ओळखीच्या एकांचा जुना ऑइल हीटर चालू करताक्षणी सगळी लाईट गेली. ब्रेकर १६ अँपिअरचा होता आणि हीटर ८०० वॅटचा. मग असं का?

तारयंत्र

इन्व्हर्टरवर नाही. १००० वॅट १२ व्होल्टमधून काढायचे तर ८३ अँपिअर, इन्व्हर्टरमधला तोटा धरून नव्वदच्या पुढे. १०० अँपिअर-तासांची लेड बॅटरी निम्मीच वापरायची असते, ती अर्ध्या तासाच्या आत खाली येईल. लिथियमची तेवढीच बॅटरी तासभर जेमतेम. सिगारेट लायटरमध्ये लावायचे १५० वॅटचे छोटे हीटर मिळतात, ते काचेवरचं धुकं काढायला ठीक, माणसाला नाही. वीज नसेल तिथे गॅस, किंवा बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा डिझेल हीटर. जनरेटर लावून हीटर चालवायचा विचार असेल तर त्याचा धूर खिडकीखाली येता कामा नये, त्याने झोपेत माणसं दगावतात.

आता लाईट का गेली. चालू करताक्षणी गेली म्हणजे भार जास्त झाला म्हणून नव्हे, ते काम सावकाश होतं. तो आरसीडी पडला, आरसीसीबी म्हणा हवं तर. ३० मिलिअँपिअरएवढा करंट अर्थिंगकडे गळला तरी तो पडतो. जुन्या ऑइल हीटरच्या कॉइलमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये पांढरी पूड भरलेली असते. ती ओल ओढून घेते. हीटर महिनोन्‌महिने दमट जागी पडून राहिला आणि कॉइलच्या टोकाचं सील सुकलं की पूड ओली होते आणि करंट गळायला लागतो. पाण्याच्या बॉयलरच्या कॉइललाही हेच होतं.

तो हीटर उबदार, कोरड्या खोलीत काही दिवस उभा ठेवायला सांगा आणि मग इलेक्ट्रिशियनकडून मेगर या यंत्राने इन्सुलेशन मोजून घ्या, म्हणजे करंट गळतो का ते कळेल. आकडा चांगला आला तर वापरता येईल. मोजल्यावरही गळत असेल तर तो टाकून द्यायचा. आरसीडी नसलेल्या दुसऱ्या सॉकेटवर लावून "इथे चालतो की" असं म्हणणारे भेटतात. तिथे तो चालतो आणि त्याच्या पत्र्यात करंट उतरलेला असतो. तुमच्या गाडीतला आरसीडीही याच निमित्ताने टेस्टचं बटण दाबून बघा. दाबल्यावर खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर हीटरच्या आधी तो बदलून घ्या.